धाकटीसाठी खुळखुळा

मोठीचा उजवा हात मोडला तो तिच्याच मण्यांमुळे, पण हे ती कुणाला कळू देत नव्हती. हाडांच्या डॉक्टरांना तिने "पाय घसरला" एवढंच सांगितलं. कशावरून, असं त्यांनी विचारलं तर म्हणाली, "फरशीवरून." यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या फरशीवर त्या वेळी तीनेकशे मोतिया मणी सांडलेले होते, आणि ते वेचायला उठलेली मोठी त्यांच्यावरून अशी काही सटकली की मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं, चष्मा जमिनीवर पडला आणि त्या चष्म्यावर मोठी बसली.

"एक्स-रे काढून घेऊ," डॉक्टर म्हणाले. बाकावर मान खाली घालून बसलेला मोठीचा नवरा हे ऐकून एकदम ताठ झाला. एकोणचाळीस वर्षं त्याने मोठ्या रुग्णालयात हेच काम केलं होतं. एक्स-रेला तो जन्मभर 'फोटो' म्हणत आला, म्हणून सगळी गल्ली त्याला फोटोवाले म्हणते. आपणही फोटोवालेच म्हणू. तर फोटोवाले मोठीच्या मागोमाग आत गेले, तिथल्या मुलीला हात कसा ठेवायचा ते तिने न विचारता सांगितलं आणि बाहेर येऊन समाधानाने म्हणाले, "फोटो सुरेख आलाय."

"आणि हाड?" मोठीने विचारलं.

"हाड मोडलंय. पण हलली नाहीस तू. छान."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 'श्वास रोखा... सोडा. छान, हलला नाहीत.' रुग्ण बरा होवो न होवो, हलला नाही एवढं फोटोवाल्यांना पुरत असे.

सहा आठवड्यांचं प्लॅस्टर बसलं. चष्मेवाल्याने नवा चष्मा शुक्रवारी देतो म्हणून सांगितलं. मोठी घरी येऊन खुर्चीत बसली, समोरच्या धूसर टेबलाकडे पाहिलं आणि तिला रडू आलं. हात दुखत होताच, पण रडू त्याचं नव्हतं. येत्या शनिवारी धाकट्या बहिणीचा वाढदिवस होता आणि तिचं कार्ड अजून पुठ्ठ्याच्याच अवस्थेत होतं.

दोघी बहिणींनी सात-आठ वर्षांपूर्वी एका शिबिरात हा नाद लावून घेतला होता. कार्डाच्या पुढच्या पानाला खिडकी कापायची. खिडकीला आतून अ‍ॅसिटेटची पारदर्शक शीट चिकटवायची. त्या शीटवर आधी पानाफुलांचे ठसे मारून ती सजवायची. मग खिडकीभोवती फोमच्या पट्टीची भिंत उभी करायची, आत टिकल्या, मणी भरायचे आणि मागून पुठ्ठा लावून सगळं बंद करून टाकायचं. कार्ड हलवलं की काचेमागे सगळा ऐवज सळसळत इकडून तिकडे पळतो. याला म्हणतात शेकर कार्ड. फोटोवाले म्हणत खुळखुळा. "साठी उलटली, आणि दोन बायका एकमेकींना टपालाने खुळखुळे पाठवतायत," असं ते येईल त्याला सांगत. तरी कार्ड आलं की पहिल्यांदा हलवून बघायचा मान त्यांनाच हवा असे.

नियम असा होता की कार्ड हाताने केलेलं हवं आणि वाढदिवसाच्या दिवशी दुपारच्या आत पोचायला हवं. आजवर एकदाही चुकलं नव्हतं. आणि यंदा तर चुकून चालणारच नव्हतं, कारण सध्या त्या दोघींमध्ये त्या कार्डांखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं. दहा महिने अबोला होता.

अबोला कशावरून, तर कोपरावरून. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, मोठी एकोणीस वर्षांची आणि धाकटी पंधराची असताना, दोघी परसातल्या भिंतीवर बसल्या होत्या. धाकटीच्या पायात मोठीच्या नव्या कोऱ्या चपला होत्या. त्यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि पुढच्या क्षणी भिंतीवर मोठी एकटीच होती. धाकटी पलीकडे खाली, चपलांसकट. उजव्या हाताचा कोपर मोडला. धाकटीचं म्हणणं, ताईने ढकललं. मोठीचं म्हणणं, मी नुसता पाठीवर हात ठेवला. नुसता हात ठेवल्याने माणूस भिंतीपलीकडे कसा जातो, हे मोठीने इतक्या वर्षांत कधी समजावून सांगितलं नव्हतं.

हे भांडण कुटुंबात इतकं जुनं झालं होतं की त्याच्यावर धूळ बसायला हवी होती. पण गेल्या वर्षी धाकटीच्या मुलाच्या नव्या घरी सगळे जेवायला जमले असताना धाकटीने ती गोष्ट साभिनय सांगितली. सोफ्याची पाठ म्हणजे भिंत, उशी म्हणजे ती स्वतः. तिने उशीला असा काही धक्का दिला की बावीस माणसं पोट धरून हसली. धाकटीची नवी सूनसुद्धा हसली, जिला या घरात येऊन तीन महिने झाले नव्हते. मोठीने ताट बाजूला सारलं, पर्स उचलली आणि दारातून म्हणाली, "माझं नाव पुन्हा घेऊ नकोस." धाकटीनेही मग ते घेतलं नाही. दोघी एकाच आईच्या लेकी.

तरी पाच महिन्यांपूर्वी मोठीच्या वाढदिवसाला धाकटीचं कार्ड आलं होतं. ठरल्या दिवशी, दुपारच्या आत. आत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, पण आलं होतं. मोठीने ते कितीतरी वेळा हलवून पाहिलं आणि मग कुणी बघायच्या आत कपाटात पालथं ठेवलं. दोर तुटलेला नव्हता. आता शनिवारी आपलं कार्ड गेलं नाही, तर धाकटी त्याचा एकच अर्थ लावणार होती, आणि एकदा लावलेला अर्थ परत घेणाऱ्यांतली ती नव्हती. हात मोडल्याचं फोनवर कळवता आलं असतं. पण आधी फोन मोठीने करायचा? त्यापेक्षा तिने दुसराही हात मोडून घेतला असता.

"मी करतो," सोमवारी सकाळी फोटोवाले म्हणाले.

"काय करता?"

"खुळखुळा. तू सांग, मी करतो. तुझे हात नाहीत आणि डोळे नाहीत, पण तोंड तर शाबूत आहे."

दुसरा उपाय नव्हता. मोठीने तोंड वापरायला सुरुवात केली.

अ‍ॅसिटेटच्या चार शीट शिल्लक होत्या. "काळी शाई घ्या," मोठी म्हणाली. तिला म्हणायची होती ती प्लॅस्टिकवर वाळणारी खास शाई. फोटोवाल्यांनी खणातलं जुनं ऑफिसचं पॅड घेतलं, तेही काळंच होतं. मोठीला चष्म्याविना दोन्ही सारखेच दिसले. पान उमटलं सुरेख. पण गुळगुळीत शीटवर ती शाई वाळेना. दुपारी वाळली नाही, संध्याकाळी वाळली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाल्यांनी बोट लावून पाहिलं आणि पानाच्या जागी त्यांच्या बोटाचा ठसा उमटला.

दुसऱ्या शीटला शाई बरोबर घेतली, पण ठसा सरकला. कागद शाई धरून ठेवतो, अ‍ॅसिटेटवर ठसा टेकला की निसटायला बघतो. पानाचा सुरवंट झाला. "हलला," फोटोवाले म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला की मोठीला त्या सुरवंटाचीच दया आली.

तिसऱ्या शीटला त्यांना आपला धंदा आठवला. दोन्ही कोपर टेबलावर रोवले, ठोकळ्याला लावलेला ठसा सरळ वरून खाली आणला आणि म्हणाले, "श्वास रोखा."

"मी कशाला रोखू?"

"टेबल एकच आहे. रोख."

मोठीने श्वास रोखला. ठसा टेकला, दाबला, सरळ उचलला. "सोडा," फोटोवाले म्हणाले, आणि दोघांनी मिळून श्वास सोडला. पान स्वच्छ आलं होतं, शीर न् शीर मोजून घ्यावी असं. या आनंदात फोटोवाल्यांनी ते लवकर वाळावं म्हणून गरम इस्त्री जवळ धरली. शीटने क्षणभर विचार केला आणि गुंडाळी करून घेतली.

चौथ्या शीटवर पाचच्या पाच पानं आली. एकही हललं नाही. फोटोवाल्यांना इतका अभिमान वाटला की ते चहा ठेवायला आत गेले, आणि मोठीने ती शीट नीट बघता यावी म्हणून पुढे वाकून आपलं प्लॅस्टर बरोबर तिच्या मधोमध टेकवलं.

चहा पिता पिता फोटोवाल्यांनी दुकानात चौकशी केली. दुकानदाराने फोनवर सांगितलं की अ‍ॅसिटेट आता पुढच्या आठवड्यात येईल. मंगळवार संपत आला होता. कार्ड गुरुवारी कुरियरला पडलं तरच शनिवारी पोचणार होतं. "राहू द्या," ती म्हणाली, "नशिबात नसेल." एवढं बोलून ती इतकी लहान होऊन बसली की फोटोवाल्यांना चहाचा कपही खाली ठेवायचं सुचेना.

बुधवारी सकाळी ती उठली तेव्हा माळ्याला शिडी लावलेली होती आणि मोरीतून ब्लीचचा वास येत होता.

फोटोवाल्यांच्या माळ्यावर एक जाड खाकी पाकीट होतं. रुग्णालयाने जुन्या फिल्म टाकायला काढल्या तेव्हा त्यांतल्या काही त्यांनी मागून आणल्या होत्या. त्यांत कुणी गिळलेली किल्ली होती, सहा बोटांचं पाऊल होतं, असल्या वस्तू. मोठीने त्या पाकिटाला कधी हात लावला नव्हता. रबरी हातमोजे चढवलेले फोटोवाले मोरीत बसून त्यातली एक फिल्म कापसाने घासत होते.

"फिल्मवरचा मुलामा गेला की खाली राहते ती पारदर्शक शीटच," ते म्हणाले. "तुझ्या त्या अ‍ॅसिटेटहून भक्कम. इस्त्रीला घाबरणार नाही."

"कुणाचं हाड आहे ते?"

"कुणी विचारायला येत नाही असं बघून घेतलंय."

दुपारपर्यंत फिल्म धुऊन, पुसून, हवी तेवढी कापून टेबलावर आली. मोठीने ती डोळ्यांशी धरली. निळसर झाक होती, खिडकीतून आभाळ दिसावं तशी, आणि ती तिला आवडली. पण मधून तिरपा एक पांढुरका पट्टा गेला होता.

"इथे काहीतरी राहिलंय."

"निघत नाही तेवढं," फोटोवाले म्हणाले. "फांदीसारखं दिसतंय. फांदी समजू आणि तिला पानं लावू."

मोठीला कल्पना पसंत पडली. तिला फक्त अंधूक पट्टा दिसत होता, पण कुठे काय हवं हे तिला डोळे मिटूनही कळत असे. "देठ फांदीकडे," ती सांगत गेली. "दोन पानं जवळ, मग जागा सोडा. तिसरं जरा वळलेलं." ठसे बाहेरच्या बाजूने मारायचे, नाहीतर आतल्या टिकल्यांनी ते खरवडले जातात. दर पानाला श्वास रोखून झाला, सोडून झाला. नऊ पानं आली. त्यांवर बारीक पांढऱ्या पेनाने दवाचे ठिपके दिले. मग शीट खिडकीला चिकटवून फोमची भिंत उभी केली. फोटोवाल्यांनी पट्टीचे कोपरे मोजून मापून जुळवले, कारण सुईएवढी फट राहिली तरी सगळा माल टपालातच सांडतो.

"आता पावडर," मोठी म्हणाली. पावडरची पुरचुंडी शीटवर आतून फिरवली नाही तर टिकल्या काचेला जाऊन चिकटतात आणि मग कितीही हलवा, जागच्या हलत नाहीत. फोटोवाल्यांनी पुरचुंडी अशी झटकली की दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. शेवटी टिकल्या पडल्या, आणि चिमट्याने एकेक करून ते मोतिया मणी.

"गुन्हेगार आत जातायत," फोटोवाले म्हणाले.

मोठीला तीन दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं. कार्डाची एक कडा जराशी तिरकी गेली होती, पण ते तिला दिसलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आत काही लिहायचा प्रश्न नव्हता. धाकटीचं कार्ड कोरं आलं होतं, मोठीचंही कोरंच जाणार होतं. गुरुवारी सकाळी फोटोवाले स्वतः कुरियरवाल्याकडे जाऊन पाकीट देऊन आले, आणि मोठीचा जीव भांड्यात पडला.

तो भांड्यात जेमतेम एक दिवस राहिला.

शुक्रवारी दुपारी नवा चष्मा आला. पाच दिवसांनी जग दिसायला लागल्यावर मोठीने पहिलं काम केलं ते टेबल आवरण्याचं. डाव्या हाताने टिकल्या गोळा करताना पुठ्ठ्याखाली फिल्मचा उरलेला तुकडा सापडला. तिने तो सहज खिडकीकडे धरला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यांतली निम्मी तिने जेवताना हाडांच्या गोष्टी ऐकण्यात घालवली होती. हात कुठला आणि पाय कुठला हे तिला बायकांना भाजी कळावी तसं कळत असे. तुकड्यात मनगटाकडे जाणारी दोन हाडं होती. वर जिथून कापलं होतं तिथे कोपर सुरू होत होता. कडेला उजव्या बाजूची खूण होती, आणि कोपऱ्यात पांढऱ्या बारीक आकड्यांत तारीख.

ती तारीख मोठीला पाठ होती. सत्तेचाळीस वर्षं ती दर वर्षी त्या दिवशी जरा कमी बोलत असे.

तिने तुकडा पुन्हा चाचपला. एक बाजू गुळगुळीत होती. दुसरी जराशी खरबरीत, मुलामा तसाच शाबूत.

"अहो," ती म्हणाली. आवाज इतका शांत होता की फोटोवाले आतून लगेच बाहेर आले. "फिल्मला मुलामा किती बाजूंना असतो?"

"दोन्ही."

"आणि तुम्ही धुतली किती?"

"एक."

"एकोणचाळीस वर्षं काम केलेला माणूस एकच बाजू धुतो, आणि म्हणतो निघत नाही."

फोटोवाले खुर्चीत बसले. "दोन्ही धुतल्या असत्या तर मग त्यात राहिलं काय असतं?" ते म्हणाले. "तुम्ही दोघी त्या कोपरावरून बोलेनाशा झालात, आणि तो कोपर माळ्यावर पडून. म्हटलं, जिचा आहे तिला जाऊ दे."

मोठीच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्याच वेळी हातपाय गार पडले, दोन्ही एकदम. आता उद्या धाकटी पाकीट फोडणार. खिडकीत तिला तिचाच मोडका कोपर दिसणार, पानं लावून, मोती भरून, खुळखुळा करून पाठवलेला. दहा महिन्यांच्या अबोल्यानंतर बहिणीने काय पाठवलं, तर हाड. एवढा टोमणा तर मोठीला शुद्धीत सुचलाही नसता. "संपलं," ती म्हणाली. "आता ती मेल्यावरसुद्धा माझ्याशी बोलणार नाही."

"कळेल तिला."

"काय कळेल? आणि तुम्ही ती फिल्म ठेवलीत कशाला इतकी वर्षं?"

फोटोवाल्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "त्या दिवशी तुम्ही दोघी आलात. धाकटी टेबलावर होती, तिचा कोपर मोडलेला. तू दाराशी उभी होतीस. तुझं काही मोडलेलं नव्हतं, तरी तू तिच्याहून जास्त रडत होतीस. मला फोटो दोनदा काढावा लागला, कारण पहिल्यांदा मीच हललो."

मोठीने तुकडा पुन्हा उजेडाला धरला.

"आणि ढकललं कुणी, तेही मला तेव्हाच कळलं," फोटोवाले म्हणाले. "पडलेल्याहून जास्त जो रडतो, त्यानेच ढकललेलं असतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मी फक्त फोटो काढायचो. निदान डॉक्टर करायचे."

शनिवार उजाडला. दहा वाजले, अकरा वाजले. मोठी फोनसमोर बसली होती आणि फोटोवाले तिच्या नजरेच्या टप्प्याबाहेर. बारा वाजता तिने पहिल्यांदा फोन उचलला आणि ठेवला. हाड मुद्दाम पाठवलं नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं. मग बोलली नाही तर नाही बोलली. सव्वाबाराला तिने डाव्या हाताने एकेक आकडा दाबला.

"हॅलो," पलीकडून धाकटी म्हणाली. आवाज कोरडा होता.

"मी बोलतेय."

"माहितीये. नंबर दिसतो."

"कार्ड पोचलं?"

"पोचलं. दहालाच."

मोठीने डोळे मिटून घेतले. "हे बघ, ते हाड मी मुद्दाम नाही पाठवलं. मला चष्मा नव्हता. यांनी केलं सगळं, मला काही माहीत नव्हतं."

"कसलं हाड?" धाकटी म्हणाली.

"खिडकीतलं."

"खिडकीत फांदी आहे. बरी आलीये. कडा मात्र वाकडी कापलीयेस, मला वाटलं रागारागात कापली असशील."

आता मोठीच्या लक्षात आलं. हाड बघून हाड ओळखायची खोड फक्त याच घराला होती. साऱ्या जगाला ती फांदीच दिसणार होती. गप्प बसली असती तर सगळं निभावून गेलं असतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवायचा, की झालं. समोर दाराआडून फोटोवाल्यांची अर्धी टाच दिसत होती. ती जराही हलत नव्हती.

"फांदी नाही ती," मोठी म्हणाली. "तुझा कोपर आहे. त्या दिवशीचा. यांनी ती फिल्म इतकी वर्षं जपून ठेवली होती." आणि मग एका श्वासात, नाहीतर राहून जाईल म्हणून, "मी ढकललं होतं तुला. हात नव्हता ठेवला. दोन्ही हातांनी ढकललं. चपलांवरून."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खिडकीचा पडदा ओढल्याचा आला, आणि त्यानंतर बराच वेळ टिकल्या-मण्यांची सळसळ. धाकटी कार्ड उजेडाकडे धरून हलवत होती. मध्येच तिने नाक ओढलं.

"सत्तेचाळीस वर्षं मी दुसरं काय सांगत होते?" ती म्हणाली.

"हेच."

"मग तेव्हाच म्हणायला काय झालं होतं?"

"आईने मारलं असतं. आणि नंतर उशीर झाला. नंतर रोजच उशीर होत गेला." मोठीलाही नाक पुसायचं होतं, पण एका हातात फोन होता आणि दुसरा प्लॅस्टरात. "माझा हात मोडलाय," ती म्हणाली.

"काय? कधी? आणि मला सांगितलं नाहीस? कुठला?"

"उजवा."

"माझाही उजवाच होता," धाकटी म्हणाली. मग तिने विचारलं, "तुला कुणी ढकललं?"

"मण्यांनी. ते तुझ्याच कार्डात आहेत."

यावर धाकटी जी हसायला लागली ती थांबेना. तिचं हसू ऐकून मोठीही हसली, आणि हसता हसता दोघी रडल्या, आणि त्यातून सावरल्यावर धाकटी म्हणाली, "हे मला लेखी पाहिजे, ताई. सूनबाईला दाखवायचंय. नाहीतर ती म्हणेल, सासूबाई कहाण्या रचतात."

"देते लेखी."

"पण त्या चपला मात्र तूच मला दिल्या होत्यास."

"मी? मी कधी दिल्या? मी आंघोळीला गेले होते आणि तू..."

पुढची चाळीस मिनिटं त्या चपलांवर गेली. तेवढ्या वेळात फोटोवाल्यांनी स्वतःपुरती खिचडी टाकली, खाल्ली आणि भांडी घासून पालथी घातली. आतून त्यांना मोठीचा चढा आवाज ऐकू येत होता. दहा महिन्यांत त्यांनी इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

फोन ठेवून मोठी टेबलाशी आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा पोरीसारखा झाला होता. तिने अक्षरांच्या ठशांचा डबा काढला. फिल्मचा उरलेला तुकडा पुसून समोर ठेवला, मनगटाकडच्या दोन हाडांचा. "शाई काढा," ती म्हणाली. "वाळणारी."

"मी मारतो."

"नाही. हे माझं मीच मारायला हवं."

डाव्या हाताने तिने अक्षरं एकेक करून ठोकळ्यावर लावली, उलटी, उजवीकडून डावीकडे. एकच शब्द होता. 'ढकललं'. फोटोवाल्यांनी शीटच्या दोन्ही कडा बोटांनी दाबून धरल्या.

"श्वास रोख," ते म्हणाले.

मोठीने रोखला. ठसा टेकला, दाबला, सरळ वर उचलला.

"सोड."

फोटोवाल्यांनी तुकडा उचलून सवयीने खिडकीच्या उजेडाला धरला. दोन हाडांच्या मधोमध शब्द काळाभोर, ठसठशीत उमटला होता.

"छान," ते म्हणाले. "हलली नाहीस."